दाढेची साक्ष

"मोठा आ कर. अजून. मैदानावर ओरडतेस ना, तेवढा."

मनस्वीनं आ केला आणि डॉ. तस्नीम काझींनी एक चकती तिच्या खालच्या दाढेला टेकवली. यंत्र दिसायला अगदीच साधं. टॉर्चएवढी नळी, टोकाला नखाएवढी चकती, आणि गालांच्या दोन्ही बाजूंना घोड्याच्या नालासारखं चुंबक. टेबलावरच्या पडद्यावर हिरवी रेघ शहाण्यासारखी सरळ चालली होती. चकती टेकली आणि रेघेला टेंगूळ आलं.

मनस्वीची आई दर्शना खुर्चीच्या टोकावर बसून ते टेंगूळ बघत होती. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या, ते मात्र कळलं. तिनं नवऱ्याकडे बघितलं. नरेश खिडकीबाहेर बघत होता.

पनवेलच्या पुढे डोंगराच्या कुशीत हे नवं केंद्र निघालं होतं. जी जखम कशानं झाली आणि का भरत नाही हे कुणालाच सांगता येत नाही, ती इथे पाठवायची. मनस्वी पेणच्या एका शाळेत खेळ शिकवायची. आगऱ्याची पोर, त्यात रायगडची, म्हणजे कबड्डी आलीच. चढाईला गेली की समोरचे सातही जण सावध व्हायचे. गणपतीच्या आधी सरावात तिची उजवी मांडी मागून खरचटली. एवढंसं खरचटलेलं, त्याचं काय मोठं? पण शिमगा आला तरी जखम भरेना. उलट खोल गेली, कडा काळ्या पडल्या. गावच्या सर्जननं डाव्या मांडीची कातडी काढून लावली, ती आठवड्यात सडून गळाली. अलिबागला पुन्हा लावली, तीही गळाली. तिसरा डॉक्टर म्हणाला, असंच चाललं तर पाय कमरेतून काढावा लागेल. तेव्हा कुठे इथली चिठ्ठी मिळाली.

जखम नेमकी जुन्या डागावर झाली होती, आणि तो डाग म्हणजे त्यांच्या, गावंडांच्या, घरातली जुनी गोष्ट. पाच वर्षांची असताना मनस्वी एका संध्याकाळी रडायला लागली. मांडीला मागून खाज सुटते, ठणकतं. दर्शनानं रबरी पिशवीत गरम पाणी भरलं, टॉवेलात गुंडाळलं आणि शेकत बसली. सकाळी बघते तर मांडीवर हे एवढाले फोड! सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "आई आहेस का वैरीण? पोटच्या पोरीला भाजलंस!" झालं. तेव्हापासून ती 'आईनं भाजलेली मांडी' झाली. सासूबाई गेल्या, गोष्ट मागे राहिली. बारसं असो नाहीतर साखरपुडा, कुणीतरी ती काढायचंच. मनस्वी तर आईनं चहाचा कप पुढे केला की अंग चोरून म्हणायची, "आई, जरा लांबून हं. माझा विमा उतरवलेला नाही." नरेश हसायचा. दर्शनाही हसायची. हसायची नाही तर काय करायची? आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच धुतलेली भांडी परत धुवायची.

"झालं, मीट तोंड," डॉक्टर म्हणाल्या. त्या मूळच्या श्रीवर्धनच्या, बोलणं कोकणातलं मोकळंढाकळं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "आता नीट ऐका. ही मांडी भाजलेली नाही. म्हणजे विस्तवानं, पाण्यानं, कशानंच नाही. हिला किरण लागलेत. किरणोत्सर्ग."

"एक्स-रे काढला होता एकदा," दर्शना म्हणाली. "हात मोडला तेव्हा."

"तसले हजार काढले तरी एवढं व्हायचं नाही, दर्शनाताई." डॉक्टरांनी पडद्यावर दाढेचं चित्र मोठं केलं. "आपलं सगळं अंग बदलत असतं. कातडी बदलते, रक्त बदलतं, हाडसुद्धा हळूहळू नवं होतं. दाताचं वरचं कवच, इनॅमल, तेवढं मात्र एकदा बनलं की बनलं. किरण त्यातून गेले की आतले रेणू तुटतात आणि सुटे झालेले इलेक्ट्रॉन तिथेच अडकून बसतात. जन्मभर. चुंबकात धरून त्यांना हाक मारली की ते ओ देतात. तेच हे टेंगूळ. पूर्वी त्यासाठी दात उपटावा लागायचा, आता तोंडात असतानाच कळतं."

"पण कधी लागले किरण?" मनस्वीनं विचारलं.

"तेही दातच सांगतो. प्रत्येक दाढ वेगळ्या वयात बनते, हिरडीच्या आत, वरून खाली, थर चढवत. तुझी पहिली दाढ तीन वर्षांपर्यंत बनून झाली होती, तिच्यात सगळीकडे खूण आहे. अक्कलदाढेत काहीच नाही. आणि दुसऱ्या दाढेत वरच्या अर्ध्या भागात आहे, खालच्या अर्ध्यात नाही. म्हणजे ती दाढ अर्धी बनली होती तेव्हा हे झालं. पाचाच्या आसपास." त्यांनी नरेशकडे वळून विचारलं, "तुम्ही काय काम करायचात, काका?"

नरेशनं घसा खाकरला. "पाइपलाइनीवर होतो. वेल्डिंगच्या जोडांचे फोटो काढायचं काम. इरिडियमच्या किरणांनी."

डॉक्टर सावकाश म्हणाल्या, "ते सामान कधी घरी आलं होतं?"

"छे! घरी कसं येईल? कायद्यानं बंदी असते." नरेश पटकन म्हणाला. "माझं काम साइटवर. घराचा काय संबंध?"

डॉक्टर वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी उपचार समजावून सांगितला. मनस्वीच्याच हाडातल्या मगजातून पेशी काढायच्या, त्या वाढवून त्यांचा जिवंत पापुद्रा करायचा आणि जखमेत बसवायचा. पण त्याला खाली जिवंत जमीन लागते. आग बाहेरून आत जाळत येते आणि तिथल्या तिथे कळते. किरण आरपार जातात. पेशी त्या दिवशी मरत नाही, ती दुभंगायला निघते तेव्हा मरते. बारीक रक्तवाहिन्या तर वर्षानुवर्षं चिंचोळ्या होत जातात. म्हणून स्कॅनमध्ये आज धडधाकट दिसणारं मांस उद्या मेलेलं निघतं. कमी कापलं तर पापुद्रा पुन्हा गळणार आणि पाय जाणार. जास्त कापलं तर स्नायू जाणार आणि पाय नुसता नावाला राहणार.

"किती खोल कापायचं हे संगणक सांगू शकतो," डॉक्टर म्हणाल्या. "फक्त त्याला कळायला हवं, की किरण कुठून आले, किती अंतरावरून आणि किती वेळ. तुम्ही आठवा. अंदाजानं कापायची माझी तयारी नाही."

मनस्वीला केंद्रात ठेवून घेतलं. नवराबायको विजेच्या एसटीनं पेणला परतले. वाटेत नरेश एकदाच बोलला, "या यंत्रांचं काही खरं नसतं." दर्शना एकेक दिवस मागे जाऊन आठवत होती. पिशवीतलं पाणी तिनं स्वतःच्या गालाला लावून बघितलं होतं. लावलं होतं ना? इतक्या वर्षांत सगळ्यांनी इतकं सांगितलं, की तिला स्वतःच्या गालाचीही खात्री राहिली नव्हती.

सकाळी नरेश मागच्या दारी नळावर पाय धूत होता. दर्शना कोळंबी सोलत पायरीवर बसली होती. त्याची पँट गुडघ्यापर्यंत वर होती आणि उजव्या पोटरीवर तो तळहाताएवढा, काळपट, चकाकणारा डाग दिसत होता. सायलेन्सरला भाजल्याचा. कधी भाजलं होतं? त्याच महिन्यात. एका घरात, एका महिन्यात, बापाला सायलेन्सरनं भाजलं आणि लेकीला पिशवीनं. आणि दोन्ही डाग कसे, जुळ्या भावंडांसारखे, तसेच चकाकणारे.

तिच्या हातातली कोळंबी ताटात पडली.

"स्कूटरला सायलेन्सर डाव्या बाजूला नव्हता का हो आपल्या?" ती म्हणाली.

नरेशनं नळ बंद केला.

"आणायचो," तो म्हणाला. "सगळेच आणायचे, दर्शू."

मग त्यानं सांगितलं, नळाकडे तोंड करून. ती इरिडियमची गोळी तांदळाच्या दाण्याएवढी, जाड पिवळ्या पेटीत ठेवलेली. कामगार त्या पेटीला कॅमेरा म्हणायचे. दांडा फिरवला की तारेच्या टोकाची गोळी नळीतून जोडापाशी जायची, उलटा फिरवला की पेटीत परत. काम संपलं की कॅमेरा साइटच्या पार टोकाला खड्ड्यात कुलपात ठेवायचा असा नियम. पण खड्ड्याची किल्ली साहेबाकडे, आणि साहेब पाच वाजता घरी. मग पोरं कॅमेरा स्कूटरवर पायाशी ठेवून घरी न्यायची, खाटेखाली सरकवायची, सकाळी परत आणायची. गोळी आत आली का हे मीटरनं बघायचं असतं. मीटरची बॅटरी कायम मेलेली. म्हणून दांड्याचे फेरे मोजायचे. गेले तेवढे परत आले, की गोळी पेटीत.

"त्या खेपेला तारेत वाळू गेली होती. फेरे पुरे झाले, पण तार मध्ये दुमडली. गोळी पेटीच्या नरड्यात अडकून राहिली. चार-पाच दिवस मी तशीच ने-आण केली. मग दुसऱ्या साइटचा माणूस चालू मीटर घेऊन आला आणि तो मीटर जो किंचाळायला लागला..." नरेशनं तोंडावरून ओला हात फिरवला. "आम्ही गुपचूप तार सरळ केली. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळ्यांची कामं गेली असती."

"आणि मग पोरीला फोड आले."

"हो."

"आणि तुम्हाला कळलं."

"हो."

"आणि तुमच्या आईनं मला वैरीण म्हटलं, तेव्हा तुम्ही तिथेच बसला होतात. भाकरी खात!"

दर्शनाचा आवाज शेजारच्या मूर्तीच्या कारखान्यापर्यंत गेला असणार, कारण तिथली घासकाम करणारी माणसं थांबली. तिला पर्वा नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच. आणि फाशी एकदा देऊन संपते तरी. हिची रोज चालली होती, चहाच्या कपासकट.

"मला का नाही सांगितलंत? निदान मला?"

नरेश वळला. त्याचे डोळे लाल झाले होते. "कारण पेटी मी आणली, पण पोरीला तिच्यावर मी नाही बसवलं, दर्शू. तू बसवायचीस. उवा काढायला. तुला कळलं असतं तर तू जगली नसतीस."

आणि मग दर्शनाला दिसलं. त्या महिन्यात बालवाडीतून उवा आल्या होत्या. रोज संध्याकाळी ती खाटेच्या काठावर बसायची, पुढ्यात मनूला घ्यायची आणि फणीनं डोकं विंचरायची. पोरगी चुळबूळ करायची. पाटावर बसली तर फार खाली, खुर्चीवर बसली तर फार वर. पिवळी पेटी कशी अगदी मापाची. ती स्वतःच खाटेखालून ओढून घ्यायची. एकदा नवऱ्याला विचारलंही होतं, यात काय असतं हो? तो म्हणाला होता, काही नाही, नुसतं शिसं.

तिनं पायरीला घट्ट धरलं.

"आणि पिशवीनं भाजलं म्हणून मी जगले, असं वाटतं का तुम्हाला?" ती म्हणाली. "मला वाचवत होतात म्हणे! स्वतःला वाचवत होतात तुम्ही. उठा. कपडे करा. पनवेलला जायचंय."

"मी सांगतो डॉक्टरांना. एकटा जाऊन सांगतो. पण मनूसमोर नको. ती माझं तोंड बघणार नाही परत."

"पाय तिचा आहे," दर्शना म्हणाली.

केंद्राच्या तळमजल्यावरच्या खोलीत डॉ. काझींनी खाटेच्या उंचीचा बाक मांडला, नरेशनं सांगितलेल्या मापाचा खोका ठेवला आणि पाच वर्षांच्या मुलाएवढा एक रबरी बाहुला आणला. चारही कोपऱ्यांत हालचाली टिपणारे, संगणकाला जोडलेले कॅमेरे होते. मनस्वी चाकांच्या खुर्चीत बसली होती. ती बाहेर जायला तयार नव्हती. नरेशनं जेवढं नळावर सांगितलं होतं, तेवढं सगळं पुन्हा सांगितलं, मान खाली घालून. तो थांबल्यावर मनस्वी म्हणाली, "बाबा, मी आईला चिडवायचे तेव्हा तू हसायचास."

"मनू..."

"नुसता गप्प बसला असतास तरी चाललं असतं रे. तू हसायचास."

नरेश भिंतीशी जाऊन उभा राहिला. पोटच्या पोरीनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याचं तोंड झालं. दर्शनाला वाटलं होतं, हे ऐकून आपल्याला गार वाटेल. वाटलं नाही.

"दर्शनाताई, तुम्ही दाखवा आता," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "घाई नाही."

दर्शना बाकावर बसली. खोका आडवा ओढला. पेटीचं तोंड दाराकडे असायचं, म्हणजे उजवीकडे. तिनं बाहुला खोक्यावर बसवला, पाठ आपल्याकडे. गुडघ्यांत धरला, कारण मनू पळायची. हात आपोआप बाहुल्याच्या डोक्याकडे गेले, तिथे केस नव्हते. पडद्यावर संगणकानं पेटीच्या नरड्यातून झोत काढला, आणि तो झोत बरोबर बाहुल्याच्या उजव्या मांडीखाली शिरला. लाल, मग नारिंगी, मग पिवळा. जखम होती तिथेच.

"रोज किती वेळ?"

"मागचं डोकं पुरतं विंचरून होईपर्यंत. लांबसडक केस होते. अर्धा तास तरी." ती बोलली आणि थांबली. तिचे हात बाहुल्याच्या खांद्यांवर तसेच राहिले.

"काय झालं?"

"मागचं झालं की पुढचं असायचं," दर्शना म्हणाली. तिनं बाहुला उचलला आणि उलटा बसवला, तोंड आपल्याकडे. "कपाळावरचे आणि कानामागचे. त्याला एवढा वेळ नाही लागायचा. पण रोज फिरवायचे मी तिला. अशी."

पडद्यावरचा झोत जागचा हलला नव्हता. फिरली होती ती मांडी. आता डावी मांडी नारिंगी झाली होती.

डॉ. काझी खुर्चीवरून उठल्याच. "या अल्ला," त्या पुटपुटल्या. "म्हणून! दोन्ही वेळा कातडी डाव्या मांडीची लावली ना? अर्धमेल्या जमिनीत अर्धमेलं रोप लावलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मीसुद्धा मगज डाव्या कमरेतूनच काढणार होते. पापुद्रा धरलाच नसता." त्या भराभर पडद्यावर खुणा करायला लागल्या. "आता छातीच्या हाडातून घेऊ. आणि कापायचं कुठे हेही कळलं. ताई, तुम्ही हे सांगितलं नसतं तर पाय गेला होता."

"आणि डावा?" मनस्वीनं विचारलं. "डाव्याचं काय?"

डॉक्टरांनी तिच्यापासून काही लपवलं नाही. "त्याला कमी लागलेत. तो कदाचित जन्मभर असाच राहील. कदाचित एखाद दिवशी खरचटेल आणि भरणार नाही. आज सांगता येत नाही, मनस्वी. लक्ष ठेवायचं."

शस्त्रक्रिया झाली. पापुद्रा धरला. पहिल्यांदा पट्टी सोडली तेव्हा जखमेच्या तळाशी गुलाबी दाणे दिसले आणि डॉ. काझींनी चक्क टाळी वाजवली. गावाकडून माणसं यायला लागली. नरेशची मोठी बहीण बेबीताई डब्यात आंबोळ्या घेऊन आल्या, भाचीच्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलांवर बोटं मोडली आणि सवयीनं म्हणाल्या, "आईच्या हातचं भाजलेलं किती वर्षं पुरलं गं बाय तुला!"

नरेश पाण्याची बाटली भरत होता. त्यानं डॉक्टरांना सांगितलं होतं, चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांना सांगितलं होतं. बहिणीला सांगायला मात्र त्याला अजून मुहूर्त मिळाला नव्हता. "जाऊ दे ना ताई," तो म्हणाला. "झालं गेलं."

"नाही, बेबीताई," दर्शना म्हणाली. "पिशवीनं नाही भाजलं. मी तिला एका पेटीवर बसवायचे, रोज, दोन्ही बाजूंनी. त्यानं झालं. ते माझं. पेटी घरात कशी आली ते तुमच्या भावाचं. ते त्यांना विचारा."

बेबीताईंनी भावाकडे बघितलं. "काय रे नऱ्या? कसली पेटी?"

नरेशनं लेकीकडे बघितलं. आजवर घरात काही झालं की ती बापाच्या बाजूनं धावून यायची. मनस्वी गप्प राहिली. तेव्हा त्यानं बाटली ठेवली, स्टूल पुढे ओढलं आणि म्हणाला, "बस ताई. मी आणली होती. सांगतो."

तो सांगत होता. बेबीताई मधेच "अरे देवा!" म्हणत होत्या, मधेच भावजयीकडे बघून डोळ्याला पदर लावत होत्या. इतक्या वर्षांत दर्शनानं हा क्षण किती वेळा मनात रंगवला असता, जर असा काही क्षण असतो हे तिला माहीत असतं. आता आला होता, तर तिचं लक्षच नव्हतं. तिचा हात चादरीखाली गेला होता, लेकीच्या डाव्या मांडीवर. कातडी गुळगुळीत होती, थंडही नाही, गरमही नाही. बोटांनी ती इंचाइंचानं चाचपत होती.

मनस्वीनं चादरीवरून आईचा हात धरला.

"आई, काही नाही गं तिथे."

"माहितेय," दर्शना म्हणाली, आणि हात काढला नाही.